बुद्धिबळाच्या सोंगट्या: हस्तिदंतापासून शिसमापर्यंत



जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोनेरू हंपी होती, म्हणजे समोरासमोर दोघी भारतीयच. एकोणीस वर्षांची ती पोर जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली, ते आमच्या घरी सगळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीने जाहीर केले, "मला प्लास्टिकचा पट नको. खरा लाकडी पाहिजे."

आम्ही सांगलीत राहतो. या गावात मुलीने बुद्धिबळ मागितले तर नाही म्हणायला तोंड नसते. मी ऑनलाइन शोधाशोध केली आणि 'शंभर टक्के लाकडी, हाताने कोरलेला' असे वर्णन वाचून एक संच मागवला. संच देखणा होता. लेक सोंगट्या मांडत होती, तेव्हा सासूबाईंनी एक घोडा उचलला, उलटा केला, बोट फिरवले आणि विचारले, "अगं, तळाला हे काय लावलंय?"

तळाला कातडे होते. आम्ही वर्णन पुन्हा वाचले. अगदी खाली, बारीक अक्षरात ते लिहिलेले होते.

त्या एका प्रश्नाने मला बरेच वाचायला लावले. ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आपल्याकडे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी म्हणतात. जुन्या चतुरंगात सैन्याची चार अंगे होती: हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. आज बाजारात मिळणाऱ्या सोंगट्यांत कोपऱ्यावरचा मोहरा किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसतो, तरी आपण त्याला हत्तीच म्हणतो. राजेरजवाड्यांच्या आणि कंपनी सरकारच्या काळात उंची संच हस्तिदंताचे असत. बंगालमध्ये मुर्शिदाबादजवळच्या बहरामपूरचे कारागीर इंग्रज साहेबांसाठी असे संच कोरत. एका बाजूला कंपनीची फौज, दुसऱ्या बाजूला देशी राजाची, आणि त्यात अंबारीसकट हत्ती. म्हणजे हत्तीच्याच दातातून कोरलेला हत्ती! आज ते संच परदेशातल्या संग्रहालयांत आहेत.

हस्तिदंताचे कोरीव काम आपल्या जवळही पाहायला मिळते. सातारा जिल्ह्यातल्या औंधला पंतप्रतिनिधी बाळासाहेबांनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. माझे माहेर फलटणकडचे, त्यामुळे औंधला आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. एकदा तिथल्या हस्तिदंती कामापुढे उभे राहून लेकीने विचारले होते, "आई, हत्तीचा दात पडल्यावर घेतात का?" नाही गं, हत्तीचा सुळा आपल्या दुधाच्या दातासारखा पडत नाही. बहुतेक वेळा हत्ती मारूनच तो काढतात. हे तिला सांगताना माझी नजर त्या कोरीव कामावर टिकेना. कारागिराचा हात थोर खराच, पण त्याच्या हातात आलेली वस्तू कुठून आली, हा प्रश्न काही सुटत नाही.

आपल्या आचार्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच विचारला होता. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत, याची पंधरा नावांची यादी आपल्या श्रावकाचारात आहे. श्वेतांबर परंपरा तिला पंधरा कर्मादाने म्हणते. तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरांच्या 'सागारधर्मामृता'त ती खरकर्म म्हणून येते. त्यात एक दंतवाणिज्य आहे, एक लाक्षावाणिज्य आहे आणि एक वनजीविकाही आहे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'योगशास्त्रा'त दंतवाणिज्याचा अर्थ आणखी मोठा केला. नुसता दात नव्हे, तर केस, नखे, हाडे, कातडी असे त्रस जीवांच्या शरीराचे भाग जिथे मिळतात तिथे जाऊन व्यापारासाठी घेणे, हे सगळे त्यांनी त्यात धरले.

जुन्या टीकाकारांनी याचे कारणही दिले आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्यापारी रानातल्या शिकाऱ्यांना आगाऊ पैसे देऊन ठेवतो. मग तो लवकरच परत येणार म्हणून ते हत्ती मारून ठेवतात. म्हणजे व्यापाऱ्याने शस्त्राला हात लावलेला नाही, पण त्याच्या पैशाने हत्ती मेला. आधी पैसे, मग वस्तू. मैत्रिणींनो, आपण मोबाइलवर बटण दाबतो तेव्हा नेमके हेच करतो ना?

देशाच्या कायद्याला इथवर यायला विसावे शतक उजाडले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला आणि आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने. त्यानंतर बऱ्याच कारागिरांनी उंटाचे हाड हातात घेतले. आजही 'हस्तिदंती शुभ्र' म्हणून जे दिसते, ते कधी नुसता रंग असतो, कधी प्लास्टिक असते आणि कधी हाड असते.

मग लाकूड कधी आले? खरे तर ते पहिल्यापासून होतेच. कातारी लेथवर लाकूड फिरवून साधे, गोल, टोपीसारखे मोहरे काढत आणि गावोगावी त्यावरच डाव रंगत. पण आज जो आकार सगळीकडे दिसतो तो लंडनचा. नॅथॅनियल कुक यांनी १८४९ मध्ये तो नोंदवला, जॅक्स यांच्या कारखान्याने तो बनवला आणि त्या काळचे नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांचे नाव त्याला मिळाले. त्याची खुबी अशी, की घोडा सोडला तर बाकी जवळजवळ सगळे लेथवर कातता येते. म्हणून तो स्वस्त झाला, क्लबांत गेला, शाळांत गेला.

आज आपल्या देशात लाकडी संचांचे मोठे केंद्र अमृतसर आहे. पूर्वी हस्तिदंत कोरणारे शहर ते हेच. पांढऱ्या सोंगट्या फिकट पिवळसर बॉक्सवुडच्या आणि काळ्या शिसमाच्या किंवा आबनुसाच्या. काही वेळा काळा रंग देऊनही काळ्या करतात. प्यादी, उंट, वजीर लेथवर होतात. घोडा मात्र पटाशीने हातानेच कोरावा लागतो. बत्तीस सोंगट्यांत घोडे चारच, पण संचाची किंमत बरीचशी त्या चारांवरच ठरते. संच पारखायचा तर आधी घोड्याकडे बघा. आयाळ आणि जबडा स्वच्छ कोरलेला असेल तर बाकीचे कामही सहसा नीट असते.

आता आपल्या सांगलीकडे येते. इथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले आणि आयुष्यभर या खेळाला वाहून घेतले. दर उन्हाळ्यात गावोगावची मुले इथे खेळायला येतात. साधे संच, साध्या बाकड्या. बाहेर ऊन मी म्हणत असते आणि आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. याच गावची भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे. १९८५, १९८६, १९८८, १९९१ आणि १९९४ अशी पाच वर्षे ती देशाची महिला विजेती झाली. १९८७ मध्ये तिला पद्मश्री मिळाली आणि १९९१ मध्ये ती आशियाई विजेती ठरली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही सांगलीचीच.

तिच्याही आधी मुंबईच्या खाडिलकर भगिनी होत्या. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ ची, ती वासंती खाडिलकरने जिंकली. तेव्हापासून १९८३ पर्यंत विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींच्या बाहेर गेलेच नाही. त्यांचे पणजोबा म्हणजे नाटककार आणि 'नवाकाळ'चे संस्थापक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांचा जन्म सांगलीचा, म्हणजे तोही धागा इथेच येतो. तेरा वर्षांची रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढा गदारोळ झाला! शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कोणाला स्पर्धेतून वगळता येणार नाही.

हे सगळे वाचताना मला एक गोष्ट जाणवली. हस्तिदंताचा पट दिवाणखान्यात, पुरुषांच्या बैठकीत होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तो फार तर दारातून पाहिला असेल. लाकडाचा आणि पुढे प्लास्टिकचा पट माजघरात आला, शाळेत आला, मुलींच्या हातात आला. कुणाच्या सुळ्यावाचून खेळाचे काही अडले नाही. उलट खेळ वाढला तो साध्या लाकडावरच.

सासूबाईंनी आणखी एक शंका काढली होती. "सात व्यसनांत पहिलं द्यूत. मग हे चालतं का?" आमच्या स्वाध्यायात यावर बरीच चर्चा झाली. मला समजले ते असे: पण लावून, पैसे लावून खेळणे ते द्यूत. पैज नसेल तर ते द्यूत नाही, पण सामायिक चुकवून, अभ्यास बुडवून, वेळकाळ विसरून खेळत बसलो तर तो प्रमाद आहेच आणि त्यातून अनर्थदंडाचा दोष लागतो. म्हणून आमच्या घरी नियम ठरला: पैज नाही, आणि संध्याकाळी मंदिरात जाऊन आल्याशिवाय पट मांडायचा नाही. लेकीने तो मानला. हरल्यावर सोंगट्या आपटायच्या नाहीत, हा दुसरा नियम मात्र अजून शिकते आहे.

आता खरेदीचे सांगते. माझी झाली ती फसगत तुमची होऊ नये. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी चार प्रश्न विचारा.

पहिला, पांढऱ्या सोंगट्या कशाच्या? 'बोन' हा शब्द कुठेही असेल तर तो रंगाचा आहे की हाडाचा, हे स्पष्ट विचारा.

दुसरा, तळाला काय लावले आहे? चांगल्या, महागड्या संचाला मुद्दाम कातडे लावतात, कारण ते भारी समजले जाते. जाड कापड लावलेलेही मिळते आणि पटावर ते तितकेच अलगद सरकते.

तिसरा, पॉलिश कसले? याचा विचार मी आधी कधीच केला नव्हता. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्या अंगातून निघालेला राळेसारखा पदार्थ, फांद्या खरवडून, किड्यांसकट गोळा करतात. त्यापासून चपडा होतो आणि तोच स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार फ्रेंच पॉलिश करतात. आचार्यांच्या यादीतले लाक्षावाणिज्य ते हेच. मात्र वर्णनात नुसते 'लॅकर' लिहिले असेल तर घाबरू नका. आजकाल ते बहुधा रासायनिक असते. मेलामाईन किंवा पीयू पॉलिश असेल तर त्यात लाख नाही. चपडा किंवा शेलॅक असेल तर आहे.

चौथा, माप काय? जागतिक संघटनेच्या मापाप्रमाणे राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि घर पाच ते सहा सेंटिमीटरचे असते. प्याद्याच्या तळाच्या दुप्पट घराची बाजू असावी. म्हणजे एका घरात चार प्यादी मावली की पट आणि सोंगट्या जुळल्या. मुलगी स्पर्धेला जाणार असेल तर तिला घरीही याच मापाची सवय हवी.

लाकूडही निर्दोष नाही, हे मला ठाऊक आहे. वनजीविका त्याच यादीत आहे. शिसमाच्या जातीच्या सगळ्या झाडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम लागू झाले, कारण जगभर ती बेसुमार तोडली जात होती. गृहस्थाच्या हातून स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टळत नाही. म्हणूनच एकच संच घ्यावा, चांगला घ्यावा आणि तो दोन पिढ्या टिकवावा.

शेवटी आमच्या त्या संचाचे काय झाले? लेक रडवेली झाली होती. सासूबाईंनाही वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "परत पाठवला तर दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल. ज्या जिवाचं कातडं गेलं ते काही परत येणार नाही. पोरीसाठी ठेव." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मला ते आगाऊ पैसे देणारे व्यापारी आठवले. मी म्हटले, "आई, हा जीव गेला, पण आपले पैसे तिथेच राहिले तर पुढच्या संचालाही तेच कातडं लागेल." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग कारण लिहून पाठव. नुसता परत करू नकोस." मी कारण लिहिले, विक्रेत्याने कुरकुरत पैसे परत केले. चौकशी करून दुसरा संच मागवला, कापडी तळाचा, लाखेशिवाय पॉलिश केलेला. यायला तीन आठवडे लागले.

तेवढे दिवस लेक जुन्या प्लास्टिकच्या पटावरच खेळली. नवा संच आला तेव्हा तिने आधी घोडा उचलला, उलटा केला, तळ पाहिला आणि मग आज्जीच्या हातात दिला.