न पुसलेली टेप

निक्सन यांच्या टेप आपल्याकडे लक्षात राहिल्या त्या इंदिरा गांधींना वाहिलेल्या अपशब्दांमुळे. नोव्हेंबर १९७१मधले ते बोलणे २००५ साली उघड झाले, तेव्हा मीही चिडून ते वाचले होते. पुढे कधीतरी त्याच यंत्राने टिपलेले २३ जून १९७२चे बोलणे ऐकले. त्यात कोणी चिडलेले नाही. म्हणून तर ते जास्त खुपते.

त्याच्या सहा दिवस आधी, १७ जूनच्या रात्री, वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स हा चोवीस वर्षांचा पहारेकरी फेरी मारत होता. तळघराच्या दाराची कडी बसू नये म्हणून कोणीतरी तिला चिकटपट्टी लावली होती. त्याने ती काढून टाकली. पुन्हा पाहतो तर पट्टी तिथेच. त्याने पोलिसांना फोन केला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण सापडले. ही घुसखोरी निक्सन यांच्याच हुकमाने झाली, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

मग २३ तारखेला हाल्डमन हे त्यांचे सर्वांत जवळचे अधिकारी सांगतात, की एफबीआय पैशाच्या मागावर आहे आणि सीआयएकडून त्यांना 'यात पडू नका' असे सांगवता येईल. निक्सन होकार देतात, वर कारण काय सांगायचे तेही सुचवतात. कुठे आवाज चढत नाही की कुजबुज नाही. रोजच्या कामाच्या यादीतले एखादे काम उरकावे, तसे सगळे चालले आहे.

हे टिपले कसे गेले? निक्सन यांच्या कचेरीतले यंत्र आवाज झाला की आपोआप सुरू होई, बटण दाबावे लागत नसे. त्यामुळे ते आहे याचाच विसर पडत असावा. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे या यंत्राचे अस्तित्व सांगून टाकले. टेप जाळा, असा सल्ला देणारेही होते. निक्सन यांनी तो मानला नाही. टेप ही आपली मालमत्ता आणि उद्याची ढाल, असे त्यांना वाटत होते.

वॉटरगेट म्हटले की लोक हमखास त्या पुसलेल्या साडेअठरा मिनिटांविषयी बोलतात. ती २० जूनच्या टेपमधली, आणि तिथे आता नुसती घरघर ऐकू येते. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स यांनी पाचेक मिनिटे आपल्या हातून चुकून पुसली गेल्याचे सांगितले. तज्ज्ञांना निदान पाच वेगवेगळ्या पुसण्याच्या खुणा दिसल्या. गूढ खरेच, पण अध्यक्षांना पाडले ते या गूढाने नव्हे.

वर्षभर ते टेप देईनात. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्या देण्याचा हुकूम केला. त्या आठांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले! ५ ऑगस्टला २३ जूनचे बोलणे लोकांसमोर आले. महाभियोगाविरुद्ध मत दिलेले न्यायविषयक समितीतले त्यांचेच पक्षबांधव फिरले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. महिन्याभरात नवे अध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली.

हाल्डमन तुरुंगात गेले. विल्सला पुढे धड नोकरी मिळाली नाही. २००० साली तो गरिबीत वारला. त्या रात्री त्याने लिहिलेले नोंदवहीचे पान आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. टेपही त्याच खात्याच्या ताब्यात आहेत.