खाण थांबते, ढिगारे उरतात

पणजी : गोव्यातील लोहखनिज उघड्या खाणींतून काढले जाते. एक टन खनिजामागे साधारणतः अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. पावसाळ्यात ढिगाऱ्यांची ही माती ओढ्यांवाटे भातशेतीत आणि नदीत उतरते. खाण भूजलपातळीखाली गेली की पाणी सतत उपसावे लागते आणि परिसरातील विहिरी आटू लागतात.

यावर उपाय आहेत. ढिगाऱ्यांना पायऱ्यांचे उतार देणे, पायथ्याशी चिऱ्यांची भिंत बांधणे, भोवती चर खणणे, गाळ बसण्यासाठी तळी करणे आणि उतारांवर झाडे लावणे, ही कामे उत्खननाबरोबरच व्हावी लागतात. म्हणूनच २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा व आर्थिक हमी बंधनकारक झाली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्यातील वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली. विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचे निर्देश दिले. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द केले. परंतु उत्खनन थांबल्याने ढिगारे स्थिर होत नाहीत. त्यांची देखभाल थांबली, तर पहिल्याच मुसळधार पावसात त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.