भाव पडत नाहीत, सौदे पडतात

ऑफिसात कुणी फ्लॅट शोधायला लागलं की जेवणाच्या टेबलावर दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे ‘भाव पडणार का?’ आणि दुसरा म्हणजे ‘हा एजंट नक्की करतो काय की त्याला लाखभर रुपये द्यायचे?’ दोन्ही प्रश्न मला वेगवेगळे वाटायचे. मुंबईच्या घरबाजाराचा इतिहास वाचत बसल्यावर लक्षात आलं की ते एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. म्हणून या वीकेंडला एजंट नावाच्या प्राण्याचा थोडा इतिहास. तोही तेजीतला नाही, मंदीतला.

सुरुवात पार मागून करावी लागेल. मुंबईत भाडेनियंत्रण १९१८ सालापासून, म्हणजे पहिल्या महायुद्धापासून येत-जात होतं. पण खरा घाव १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा. त्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. हेतू चांगला होता, युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा येत होता. पण भाडं गोठलं तरी जागेची किंमत काही गोठत नाही. मग ती दुसऱ्या वाटेने बाहेर आली: पागडी. कागदावर भाडं पाच-पन्नास रुपये आणि खोली मिळवायला हातात मोठी रक्कम. भाडेकरू बदलला की पागडीतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, उरलेला जुन्या भाडेकरूला. कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा, आणि व्यवहार मात्र उघड गुपित.

आता विचार करा, ज्या व्यवहाराची पावती नाही, जाहिरात देता येत नाही आणि फसलात तर कोर्टात जाता येत नाही, तो व्यवहार होणार कसा? दोघांच्याही ओळखीचा तिसरा माणूस लागणारच. तो दलाल! त्याच्याकडे विकायला जागा नव्हती, भरवसा होता. ‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं. धंदाच काळोखात चालायचा, त्यामुळे धंदा करणारा स्वच्छ दिसणार कसा?

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मग १९९९ चा नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि पागडीसारखी रक्कम घेणं त्यात कायदेशीर झालं. मधल्या पन्नास वर्षांत दलालांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

दरम्यान मालकीच्या फ्लॅटची चाल रुळली होती. १९६३ चा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा, १९७६ चा कमाल जमीन धारणा कायदा (यामुळे मोकळी जमीन अडकून पडली), १९७७ साली सुरू झालेली एचडीएफसी आणि १९९१ चं उदारीकरण. या सगळ्याची बेरीज म्हणजे १९९०-९५ ची प्रचंड तेजी. १९९५-९६ च्या सुमारास नरिमन पॉइंटची ऑफिसभाडी जगातल्या सर्वात महागड्या भाड्यांमध्ये गणली जात होती. आणि मग फुगा बसला.

माझा मामा १९९४ मध्ये ठाण्यात या धंद्यात शिरला. टेबल, दोन खुर्च्या, फोन आणि किल्ल्यांचा जुडगा. पहिलं दीड-दोन वर्ष मजेत गेलं. नंतर? तो सांगतो, लोक भाव ऐकायला येत होते, घ्यायला येत नव्हते. रोज साइट दाखवायची, स्कूटरचं पेट्रोल आपलं, चहा आपला, आणि महिनाअखेरीला एक सौदा नाही. मामीने घरी शिकवण्या सुरू केल्या त्या याच काळात. मजा म्हणजे तेव्हाही त्याच्या टेबलावर येणारा प्रत्येक मालक जुनाच भाव सांगत असे.

मंदीचं हेच खरं मेकॅनिझम आहे. शेअर पडला की सेकंदात पडतो. घराचं तसं नाही. मालकाच्या डोक्यात शेजाऱ्याने तेजीत मिळवलेला आकडा पक्का बसलेला असतो. त्याला कुठे आज विकायचंय, तो थांबतो. घेणारा म्हणतो अजून पडेल, तोही थांबतो. भाव कागदावर तसाच राहतो आणि सौद्यांची संख्या मात्र निम्म्यावर येते. त्यात सरकारचाही हातभार असतो. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या दराखाली जात नाही, आणि २००३ पासून आयकराच्या ५०सी कलमामुळे रेकनरपेक्षा बऱ्याच कमी भावात विकलं तरी विकणाऱ्याला रेकनरच्याच भावावर कर पडतो. म्हणजे भाव खाली यायच्या वाटेत एक लोखंडी जाळीच.

आता एजंटचं उत्पन्न म्हणजे काय? सौद्यांची संख्या गुणिले किंमत गुणिले एक-दोन टक्के. किंमत दहा टक्के घसरली तर त्याचं दहा टक्केच नुकसान. पण सौदेच निम्मे झाले तर कमाई निम्मी. म्हणून मंदी मालकाच्या आधी, बिल्डरच्या आधी एजंटच्या घरात शिरते. त्याला भाव चढा असण्यात फार रस नसतो, व्यवहार होण्यात असतो.

ती मंदी सुटली कशी? भाव पडून नाही फक्त. नव्वदच्या मध्याला १४-१५ टक्क्यांच्या घरात असलेला गृहकर्जाचा व्याजदर २००३-०४ पर्यंत ८ टक्क्यांच्या आसपास आला. जरा गणित करू. १० लाख, २० वर्षं, १५ टक्के: हप्ता सुमारे १३,१७० रुपये. त्याच हप्त्यात ८ टक्क्यांनी किती कर्ज मिळतं? जवळजवळ पावणेसोळा लाख! शिवाय व्याजावरची आयकर वजावट १९९९ मध्ये ७५,००० आणि २००१ मध्ये दीड लाखावर गेली. मामाने किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी कर्जाच्या फायली ठेवायला सुरुवात केली. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँकेच्या चकरा. एजंटचं काम बदललं ते इथे. जागा दाखवणारा माणूस कर्ज जमवून देणारा झाला.

पुढची लांब मंदी साधारण २०१३ ते २०१९. मध्ये नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी. आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. मंदीत बिल्डरकडे न विकलेले फ्लॅट साठतात, मग तो एजंटचं कमिशन वाढवतो. रीसेलमध्ये एक-दोन टक्के मिळणाऱ्या माणसाला नव्या प्रोजेक्टमध्ये त्याहून बरंच जास्त मिळू लागतं. वर ‘२० टक्के आत्ता, ८० ताबा मिळाल्यावर’ छापाच्या योजना. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच सोडा. गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला २०१९ मध्ये सांगितलं गेलं. म्हणजे प्रोजेक्ट रखडायचा धोका सर्वात जास्त असतो, नेमकं तेव्हाच ते विकण्याचं बक्षीसही सर्वात मोठं असतं. एजंट वाईट माणूस असायची गरज नाही, इन्सेंटिव्ह पुरेसा आहे. आपण सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मोजाल तेच मिळतं.

१ मे २०१७ पासून रेरा पूर्ण लागू झाला. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि नोंदणीकृत प्रोजेक्ट विकणाऱ्या एजंटला स्वतःचीही नोंदणी सक्तीची. नोंदणीविना धंदा केल्यास रोजचा १०,००० रुपये दंड. २०२३ मध्ये महारेराने तर एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. पन्नाशी उलटलेला मामा बॉलपेन घेऊन रेडी रेकनर, कार्पेट एरिया पाठ करत बसला होता आणि मामी त्याची उजळणी घेत होती. हसू आलं, पण बरंही वाटलं. पागडीच्या काळोखातून परीक्षेच्या हॉलपर्यंत यायला या धंद्याला पाऊणशे वर्षं लागली.

तरी एक भोक उरलंच. रेराची ही नोंदणी नव्या प्रोजेक्टसाठी आहे. जुना फ्लॅट विकताना मध्ये उभ्या असलेल्या माणसाला तिची गरज नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, आणि ऐन कोविडमध्ये नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. भाव फारसे न हलता सौदे सुटले. पुन्हा तेच. १९९७ असो वा २०१९, अडून बसतो तो सौदा.

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा एजंटला ‘भाव पडेल का’ हे विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. ‘या सौद्यात तुम्हाला कोण किती देणार?’ हे विचारा. प्रश्न थोडा आगाऊ वाटेल, पण मामा म्हणतो, सरळ एजंट त्याचं सरळ उत्तर देतो. जो हसून विषय बदलतो त्याच्या गाडीत बसून साइट बघायला जायचं की नाही, ते आपलं आपण ठरवावं.