मागण्या आधी, कल्याण नंतर

योगवर्ग, वार्षिक तपासणी, ताणमुक्तीची शिबिरे पाहिली की कामगारांच्या प्रकृतीची काळजी ही व्यवस्थापनाला सुचलेली गोष्ट वाटते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र ती आधी कामगारांना सुचली. 1881च्या फॅक्टरी कायद्याने मुलांचे कामाचे तास तेवढे बांधले. मोठ्यांना मोकळे सोडले. सप्टेंबर 1884 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाल्यास उदरनिर्वाहाची सोय, अशा त्यातल्या मागण्या होत्या. आजच्या किती कंपन्यांची आरोग्यपत्रके इतकी रोखठोक असतात? रविवारची सुटी पदरात पडायला 10 जून 1890 उजाडला.

यावर नागपूरच्या एम्प्रेस मिलचा दाखला दिला जाईल, आणि तो खोटा नाही. जमशेटजी टाटांनी तिथे 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 पासून अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्याची सक्ती नसताना. पण तिथल्या हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रांचेही कौतुक याच यादीत होते, तेव्हा जरा थबकावे. दमट हवेत सूत तुटत नाही, साचा थांबत नाही. त्या वाफाऱ्यात दिवसभर उभ्या माणसाच्या छातीचे काय, हा प्रश्न वेगळा. मालकाच्या भलेपणाची धाव बहुधा उत्पादनाच्या सोयीपर्यंत असते.

हेतू कसाही असो, लाभ झाला ना, असे कोणी म्हणेल. हेतूपेक्षा खर्च कोणावर पडतो हे पाहावे, असे मला वाटते. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये कायदा झाला. भत्त्याचा भार मात्र एकट्या मालकावर होता. पुढे गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांतले बदल यांसारखी इतरही कारणे होती, पण बाई कामावर ठेवणे महाग पडते हा हिशेबही त्यात होता. 1948च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीचा निधी उभारला आणि आजारपण, अपघात, बाळंतपण यांचा खर्च त्यावर टाकला. त्यामुळे एखाद्या बाईला कामावर घेताना तिच्या बाळंतपणाचा खर्च त्याच गिरणीच्या खात्यावर पडेनासा झाला.