उपकारस्तुति आणि अंतःकरणाची शांति



ज्युबिलीचें वर्ष म्हणजे उपकारस्मरणाचें वर्ष. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दासांस मुक्त करावें व हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी, असा नियम लेवीय ग्रंथांत आहे. म्हणजे देवाचे आभार केवळ ओठांनीं नव्हे, तर कृतीनेंही मानावयाचे असतात. परंतु आपल्या मराठवाड्यांत हें बोलतांना एक प्रश्न टाळतां येत नाहीं : ज्याचें सर्वस्व गेलें, त्यानें आभार कशाचे मानावे?

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमि हादरली. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. किल्लारी, सास्तूर आदि गांवांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार निजलेल्यांवर कोसळला. सुमारें दहा हजार माणसें मृत्यु पावलीं.

अशा वेळीं शोकग्रस्तास ‘या आपत्तीबद्दल देवाचे आभार मान’ असें सांगणें क्रूरपणाचें होय, आणि पवित्र शास्त्रही तसें सांगत नाहीं. स्तोत्रसंहितेंत विलापाचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत; ८८ वें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. तथापि तो आक्रोशही देवापुढेंच केलेला आहे, म्हणून ती प्रार्थनाच होय. संत पौलानें फिलिप्पैकरांस पत्र लिहिलें तें बंदिवासांतून. आपल्या सर्व मागण्या आभारासह देवापुढें मांडा, म्हणजे बुद्धीस अगम्य अशी शांति तुमचें अंतःकरण राखील, असा त्याचा बोध आहे. तुरुंगाचीं दारें उघडतील असें वचन तो देत नाहीं. आभार संकटाबद्दल नव्हेत, तर संकटांत मानावयाचे. प्रभु येशूनेंही ज्या रात्रीं त्याला धरून देण्यांत आलें, त्याच रात्रीं भाकर घेऊन उपकारस्तुति केली. मिस्साबलीचें ‘यूखारिस्त’ हें ग्रीक नांव उपकारस्तुति याच अर्थाचें आहे.

मराठी ख्रिस्ती लोकांनीं हा बोध कसा आचरिला, त्याची साक्ष मुंबईस आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्यानें ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून गेले. त्या साथीच्या वर्षांत वांद्रें, गिरगांव, माझगांव आदि वस्त्यांतून लोकांनीं वाटेच्या कडेला क्रूस उभारिले. कांहीं रक्षणाची याचना म्हणून, कांहीं वांचल्याबद्दल आभार म्हणून. त्यांतील पुष्कळ आजही उभे आहेत. मे महिन्यांत शेजारीपाजारी तेथें जमून लितानी म्हणतात आणि उकडलेले चणे वांटून घेतात. याचना, आभार व वांटणी हीं तिन्हीं एकाच क्रूसाच्या पायथ्याशीं होतात.

किल्लारीच्या भूकंपाचा दिवस हाच संत जेरोम यांचा सण. सन ४१० मध्यें रोम नगर लुटलें गेलें आणि निर्वासित बेथलेहेमास येऊं लागले, तेव्हां या विद्वान संतानें यहेज्केलच्या ग्रंथावरील आपलें भाष्य बाजूस ठेवून त्यांची सेवा केली. प्रार्थना खरी असेल, तर ती अशी हातांत उतरते.

म्हणून या ज्युबिलीवर्षांत प्रत्येक कुटुंबानें सायंकाळीं जपमाळेस बसतांना आपलें दुःख देवापुढें मोकळेपणानें सांगावें, दिवसांतील एका उपकाराचें नांव घेऊन आभार मानावे, आणि शेजाऱ्याच्या एका गरजेची आठवण करून तिची सोय लावावी. दुःख लगेच सरेल असें नाहीं; पण तें एकट्यानें वाहावें लागणार नाहीं, आणि शांतीचा आरंभ तेथूनच होतो.

प्रभूची शांति आपणां सर्वांबरोबर असो. आमेन.