सिरोंचाचा ताबा, स्टेशियाचा कौल

वलंदेज म्हटले की आपल्याला वेंगुर्ल्याची वखार आठवते. त्या वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या राज्यात कॅरिबियन समुद्रातली सहा बेटे आजही आहेत. मी त्यांच्याकडे वळलो तो सिरोंचामुळे.

प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा आहे. बाजारात तेलुगू, रानातल्या गावांत माडिया, कचेरीत मराठी. हा मुलूख निजामाचा. १८६० च्या तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांना दिले. त्या देवघेवीत नळदुर्ग, रायचूर दुआब आणि शोरापूर त्याच्या पदरात पडले. इंग्रजांनी ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा उभा केला, मुख्य ठाणे सिरोंचाला. तिथल्या डेप्युटी कमिशनर ग्लासफर्डचे नाव ग्लासफर्डपेठेत अजून टिकून आहे. १८७४ मध्ये तो जिल्हाच मोडला. भद्राचलम मद्रास इलाख्यात गेले, सिरोंचा चांद्याला जोडले गेले. पुढे चेर्ला, नुगूर, अल्बाका हेही मद्रासकडे गेले. मग १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा. तेलुगू बोलणाऱ्या एकाच पट्ट्यातले अर्धे तालुके नदीबरोबर खाली गेले आणि सिरोंचा वर राहिले. यात तिथल्या रयतेचे मत कोणी घेतले नाही.

मत घेतले असते तर? याचे उत्तर शोधताना सिंट युस्टेशियस भेटले. लोक त्याला स्टेशिया म्हणतात. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. घरात-बाजारात इंग्रजी, राज्याची भाषा डच, राजधानी महासागरापलीकडे. सहा बेटांचा ‘नेदरलँड्स अँटिलीस’ हा संघ होता. अरुबा १९८६ मध्ये वेगळे झाले. उरलेल्या पाच बेटांवर २००० ते २००५ या काळात सार्वमते झाली. स्टेशियाने २००५ मध्ये संघातच राहण्याचा कौल दिला. पण बाकीच्यांना संघ नको होता. १० ऑक्टोबर २०१० रोजी तो विसर्जित झाला. कुरासाव आणि सिंट मार्टेन हे अरुबासारखे स्वायत्त देश झाले; बोनेर, साबा आणि स्टेशिया थेट नेदरलँड्सच्या खास नगरपालिका. २०१८ मध्ये तर डच सरकारने स्टेशियाचे निवडून आलेले मंडळच बरखास्त करून आपला आयुक्त बसवला.

म्हणजे विचारले, तरी ऐकले जातेच असे नाही. तरीही मला फरक मोठा वाटतो. स्टेशियाचा नकार कागदावर आहे. तो दाखवून तिथला माणूस जाब विचारू शकतो. सिरोंचाचा होकार नाही, नकारही नाही.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. २०१६ मध्ये दोन राज्यांनी करार केला, २०१९ मध्ये मेडीगड्डा बंधारा झाला आणि सिरोंचा तालुक्यातल्या नदीकाठच्या शेतांत पाणी शिरू लागले. शेतकरी उपोषणाला बसले, ते शेतात पाणी आल्यानंतर. १८६० च्या तहात नदी ही सीमा होती. त्या सीमेवर नांगर धरणाऱ्याला आधी विचारायचे असते, हे दीडशे वर्षांनंतरही आपल्या दप्तरात नोंदलेले नाही.