महाडची परिषद, मेलेले जनावर आणि चिरगावची गिधाडे

१/
महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी काय घडले, हे इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच परिषदेत पाण्याइतकाच जळता असा आणखी एक विषय निघाला होता, त्याची आठवण मात्र क्वचित काढली जाते. गावात मेलेल्या जनावराचे काय करायचे, आणि ते कोणी करायचे? आजचा धागा या प्रश्नाचा माग काढणारा आहे. तो महाडच्या सभामंडपातून निघून म्हसळ्याच्या रानातील गिधाडांपर्यंत जातो.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागदावर हक्क मिळाला. प्रत्यक्षात तीन वर्षे तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची कोणाला मुभा नव्हती. म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली आणि तिचा शेवट तळ्यावर झाला.

३/
पहिल्या दिवशीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या लोकांना जे सांगितले, त्यात मृत जनावरांचे मांस खाणे सोडून द्या, हे आवाहन ठळक होते. शिळ्यापाक्या तुकड्यांवर आणि मेलेल्या ढोरांवर जगणे म्हणजे स्वतःच्या माणूसपणावर पाणी सोडणे, असा त्यामागचा विचार होता. पाण्याचा हक्क मागणारा माणूस त्याच तोंडाने अपमानाचे अन्न नाकारत होता. दोन्ही गोष्टी एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या.

४/
हे आवाहन इतके मोलाचे का होते, हे समजण्यासाठी जुन्या गावगाड्याकडे पाहावे लागते. गावात गाय, बैल किंवा म्हैस मेली की ती ओढून गावाबाहेर नेण्याचे काम महारांकडे असे. हे काम वतनाशी जखडलेले होते. वतनी कामांना १८७४ च्या कायद्याची चौकटही मिळालेली होती. मोबदला नावापुरता, नकार देण्याची सोय नाही, आणि काम केल्याबद्दल वर विटाळाचा शिक्का. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडले. महार वतन कायद्याने संपण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

५/
गावाबाहेर नेल्यावर पुढे काय होई? कातडे काढले जाई. उरलेल्या देहावर आकाशातून गिधाडे उतरत. मोठा थवा असेल तर एखाद्या गायीचा देह पाऊण तासाच्या आत हाडांपुरता उरे. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की इतर प्राण्यांना घातक ठरणारे अनेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. मानेवर पिसे जवळजवळ नसल्याने रक्तामांसात डोके खुपसूनही ती स्वच्छ राहते. गावाचे आरोग्य राखणारी ही व्यवस्था होती आणि तिचा खर्च कोणाच्याही वहीत मांडला जात नव्हता.

६/
येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. गिधाड हे काम आपल्या निसर्गधर्माने करते, त्यात त्याचे पोट भरते. माणसावर ते जन्माच्या आधारे लादले गेले होते. पक्ष्याची सवय आणि माणसाची सक्ती यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय ठरेल. तरीही गावाने दोघांना एकसारखीच वागणूक दिली. काम करून घेतले आणि काम करणाऱ्याला अमंगळ ठरवले. आपल्या भाषेत ‘गिधाड’ ही आजही शिवीच आहे.

७/
२० मार्चला सत्याग्रही तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रही मंदिरात शिरणार, अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी १०८ घागरी दही, दूध, गोमूत्र आणि शेण वापरून, मंत्र म्हणत तळे ‘शुद्ध’ केले. क्षणभर थांबून याचा विचार करावा. जिवंत गायीचे शेण पाण्याला पवित्र करते आणि मेलेली तीच गाय उचलणारा माणूस पाणी बाटवतो. या तर्कावर महाडला पहिला उघड आघात झाला. न्यायालयीन लढाई १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात सत्याग्रहींच्या बाजूने संपली.

८/
आता वर्ष तेच ठेवून नकाशा बदलू. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने कोआलांच्या शिकारीला एक महिना परवानगी दिली. त्यांच्या मऊ कातड्यांना परदेशात मागणी होती. एका महिन्यात सुमारे ६ लाख कोआला मारले गेले. लोकांत संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी ब्रिस्बेनजवळ ‘लोन पाइन’ हे कोआलांचे आश्रयस्थान सुरू झाले. आज तेथील रानांत अशी केंद्रे आहेत, शाळेची मुले ती पाहायला जातात आणि प्राण्यासोबत त्याचे झाडही ओळखायला शिकतात.

९/
कोआला गोंडस दिसतो. त्याच्या रक्षणासाठी माणसाला फारसे पटवावे लागत नाही. गिधाडाचे तसे नाही. ज्या प्राण्याकडे पाहून मूल हात पुढे करत नाही, त्याच्यासाठी असे केंद्र कोण उभारणार? आणि कोणी उभारले, तर ते पाहायला कोण जाणार? रायगड जिल्ह्यात या प्रश्नाला मिळालेले उत्तर मोलाचे आहे. त्याआधी गिधाडे गेली कुठे, ते पाहू.

१०/
१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी पक्षी असावा, असे पक्षितज्ज्ञ मानत. मग १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना रिकामी घरटी आणि माना टाकून बसलेले पक्षी दिसू लागले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या आणि सडपातळ चोचीच्या गिधाडांची मिळून घट जवळजवळ ९७ टक्के होती. २००० मध्ये या जाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरल्या.

११/
कारण शोधायला अनेक वर्षे लागली. विषाणूचा संशय होता, कीटकनाशकांचा संशय होता. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोषी होते डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांच्या सांध्यांच्या आणि सुजेच्या दुखण्यावर दिले जाणारे साधे, स्वस्त औषध. ते दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत असे. शरीरभर युरिक आम्लाचे पांढरे स्फटिक साचत आणि पक्षी काही दिवसांत मरत.

१२/
यातील गणित भयंकर आहे. शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढा संहार घडू शकतो, असे संशोधकांनी दाखवले. एका देहावर कित्येक गिधाडे एकत्र जेवतात, त्यामुळे एक विषारी देह अख्खा थवा संपवतो. भरपाई मात्र अतिशय संथ असते. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः वीण करण्यायोग्य व्हायला सुमारे पाच वर्षे जातात. हजारो वर्षे जुळलेली घडी एका दशकात विस्कटली ती अशी.

१३/
गिधाडे गेली, पण जनावरे मरायची थांबली नाहीत. गावाबाहेरच्या देहांवर आता मोकाट कुत्री आणि उंदीर पोसले जाऊ लागले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा मानवी मृत्यू झाले असावेत. मुंबईत मलबार हिलवरील दखम्यांत पारशी समाजाला अंत्यसंस्कारासाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आधार घ्यावा लागला. ज्याला अमंगळ म्हटले, तोच गेल्यावर त्याची किंमत कळली.

१४/
उपाय झाले, पण टप्प्याटप्प्याने. भारतात २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या. २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांच्या गुरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. १९२३ चा ठराव आणि १९२७ ची पायपीट यांमधले अंतर येथेही दिसते. विषय वेगळा, पण धडा परिचित आहे. हुकूम निघणे आणि तो गोठ्यापर्यंत किंवा पाणवठ्यापर्यंत पोहोचणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत.

१५/
आता रायगडकडे येऊ. महाडमधील ‘सिस्केप’ ही संस्था प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने गिधाडांसाठी काम करते. महाडच्या पश्चिमेला, म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून घरटी करतात. ही जात उंच, जुन्या झाडांवर घरटे बांधते. तिची भावंडे असलेली लांब चोचीची गिधाडे मात्र सह्याद्रीच्या कड्यांवरील कपारी निवडतात. म्हणून एका जातीसाठी झाड वाचवणे आणि दुसरीसाठी कडा निवांत ठेवणे, असे संवर्धनाचे दोन वेगळे मार्ग होतात.

१६/
चिरगावचे प्रारूप पिंजऱ्याचे नाही. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गिधाडांची बंदिस्त पैदास केली, तिचेही मोल मोठे आहे. तेथे वाढलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. चिरगावला मात्र पक्षी रानात मोकळेच असतात. माणसे घरट्यांची झाडे जपतात, नोंदी ठेवतात आणि ठरावीक जागी मृत जनावर नेऊन ठेवतात. या जागेला ‘गिधाडांचे उपाहारगृह’ म्हणतात. ज्या गावकऱ्यांच्या शेजारी ही घरटी आहेत, त्यांच्या संमतीवाचून यातले काहीही टिकणार नाही.

१७/
हे उपाहारगृह हवेच कशाला? कारण गिधाडांपुढचा प्रश्न आता विषाबरोबर उपासमारीचाही आहे. कोकणातील गोठे ओस पडत आहेत. माणसे मुंबईला गेली, नांगराची जागा यंत्राने घेतली. मेलेले जनावर पुष्कळदा पुरले जाते. पिल्लू घरट्यात असताना अन्न मिळाले नाही, तर वर्षभराची वीण वाया जाते. त्यात निसर्गाचे घाव वेगळे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन आणि म्हसळा परिसरातील असंख्य झाडे उन्मळून टाकली. शंभर वर्षांचा वृक्ष एका दुपारी पडतो. त्याच्या जागी नवा लावता येतो, घरटे पेलणारा लगेच उभा करता येत नाही.

१८/
येथे आपला पहिला प्रश्न परत येतो. मेलेले जनावर उपाहारगृहापर्यंत कोणी न्यायचे? १९२७ मध्ये महाडला ज्यांनी ‘आम्ही नाही’ म्हणायला सुरुवात केली, त्यांचे म्हणणे शंभर टक्के न्याय्य होते. पक्षी वाचवण्याच्या उदात्त हेतूने ते काम पुन्हा त्याच वस्तीच्या खांद्यावर गुपचूप टाकले गेले, तर एक चूक दुरुस्त करताना आपण दुसरी जिवंत करू. काम स्वेच्छेचे हवे, त्याला रास्त वेतन हवे, हातमोजे आणि वाहन हवे, आणि ते करणाऱ्याची जात कोणी विचारता कामा नये. संवर्धनाची ही अट पक्षिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. महाडच्या इतिहासात सापडते.

१९/
तरुण वाचकांना यातून दोन गोष्टी करता येतील. घरी किंवा गावी गुरे असतील, तर पशुवैद्यकांना मेलॉक्सिकॅमबद्दल अवश्य विचारा. सुजेवरचे हे औषध गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे. आणि गिधाडे पाहायला जायचे असेल, तर स्थानिक माहितगारांबरोबर जा. हिवाळा ते उन्हाळा हा विणीचा काळ असतो, तेव्हा घरट्याच्या झाडाखाली घोळका करू नका, ड्रोन उडवू नका, ठिकाणाचा अचूक नकाशा समाजमाध्यमांवर टाकू नका. दुर्बिणीतून दिसेल तेवढे पुरे असते.

२०/
महाडला जाणारे बहुतेक जण रायगड पाहतात, चवदार तळ्यावर नतमस्तक होतात आणि परततात. पुढच्या वेळी तळ्याच्या काठी उभे राहिलात, तर एकदा वर आकाशाकडेही पाहा. सकाळचे ऊन तापून हवा वर चढू लागली, की रुंद पंख न हलवता वर्तुळे घेणारा एखादा पक्षी सह्याद्रीच्या बाजूला दिसतो का, ते शोधा. बहुतेक वेळा ती घार असेल. गिधाड दिसले, तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि ती नोंद स्थानिक अभ्यासकांना कळवा.